एक्कावन्नावं काडतूस

१

ईडन प्रेरीला जानेवारीत करण्यासारखं फार काही नसतं. बर्फ पडतो, तो फावड्याने उचलायचा, पुन्हा पडतो, पुन्हा उचलायचा. प्रतापरावांना कंपनीने अठ्ठावन्नाव्या वर्षीच सन्मानाने घरी बसवलं होतं, त्यामुळे बर्फ उचलून झाला की ते तळघरात उतरत आणि काडतुसं भरत. वसुधाताई मैत्रिणींना फोनवर सांगत, "कुणाचे नवरे ब्रिज खेळतात, आमच्याकडे हे आहे."

हे वेड लावलं शेजारच्या हॅरल्डने. ऐंशीचा म्हातारा, पण हात घड्याळजीचे. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकायची नाही, तिच्या बुडाशी नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, बसवायचा, मोजून दारू घालायची, वर शिशाची गोळी दाबायची, की झालं नवं काडतूस. टेबलाला जखडलेल्या प्रेसचा दांडा खाली ओढला की खट्, वर सोडला की टक्. पंधरा वर्षं प्रतापराव हा आवाज ऐकत होते आणि त्यांना तो अतिशय आवडे.

रिव्हॉल्व्हर तीन होती. एक नवं, जाड पोलादाचं, त्याचं नाव पहिलवान. एक मधलं, त्याला मधली म्हणत. तिसरं हॅरल्ड गेल्या शरदात वारला तेव्हा त्यांच्या नावाने ठेवून गेला, सत्तर-ऐंशी वर्षांचं, पातळ अंगाचं. ती आजी. तिघांचं कॅलिबर एकच, म्हणजे कुठलंही काडतूस कुठेही बिनबोभाट बसे, आणि खरी मेख तिथेच होती. पहिलवानाचा खुराक आजीच्या पोटात गेला तर आजी फुटणार, आणि धरणाऱ्याचा हात घेऊन फुटणार.

म्हणून खुणा. पहिलवानाच्या काडतुसांना बुडाशी वसुधाताईंच्या नेलपॉलिशचा लाल टिपका, मधलीची कोरी, आणि आजीच्या काडतुसांना काडेपेटीच्या काडीने काळा ठिपका. तोही मधोमध नाही, जरा कडेला, तान्ह्या बाळाच्या गालाला तीट लावावी तसा.

"आजीला कशाला तीट?" वसुधाताई हसत. "तिला कुणाची दृष्ट लागणार?"

"माझीच," प्रतापराव म्हणत.

आणखी एक भीती होती, ती ते बोलून दाखवत नसत. आजीचा दारूचा खुराक इतका थोडा की पुंगळीच्या तळाशी चिमूटभर दिसे. चुकून दोनदा घातला तरी मावे, आणि वर गोळी बसली की बाहेरून काही म्हणता काही कळत नसे. ते टॉर्च घेऊन एकेका पुंगळीत डोकावत. पंधरा वर्षांत त्यांची चूक झाली नव्हती.

या महिन्यात ते फक्त आजीसाठीच भरत होते. मॅडिसनला कॉलेजात शिकणारी त्यांची लेक उत्तरा महिनाअखेर चार दिवस घरी येणार होती. तिला नेमबाजी आवडे, पण दणका सोसत नसे, म्हणून ती आजीशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नसे. चार शनिवारांत चार पेट्या करायच्या, पेटीत पन्नास. बाप लेकीसाठी लाडू वळतो म्हणा ना.

२

पहिल्या शनिवारी पन्नासाऐवजी एक्कावन्न झाली.

प्रतापरावांकडे पन्नास भोकांचा एक लाकडी ठोकळा होता. प्रत्येक भोकात एक पुंगळी, म्हणजे मोजण्याची भानगड नको. ठोकळा भरलेला होता. आणि ठोकळ्याच्या बाहेर, बोटभर अंतरावर, एक काडतूस उभं होतं. बुडाला तीट.

त्यांनी पुन्हा मोजलं. प्रायमरचं खोकं पाहिलं, त्यातले बरोबर पन्नास गेले होते. गोळ्याही पन्नासच. मग वरचं हे आलं कुठून?

"एक्कावन्न ना?" वर स्वयंपाकघरात वसुधाताई विणता विणता म्हणाल्या. सुयांवर मोरपंखी लोकरीचा स्वेटर चढला होता, प्रतापरावांसाठी. "मग चांगलंच की. आपल्याकडे आहेर कधी पन्नासाचा देतात का? वर एक लागतोच. हाताला सवय असते हो."

प्रतापरावांना ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. आई कुणालाही पन्नास रुपये द्यायची तर वर रुपया ठेवायची, तेव्हापासून गोल आकडा त्यांना अर्धवटच वाटे. शिवाय हॅरल्डही एक जास्त करायचा. त्याची रीत अशी की पन्नासाला एक्कावन्न भरायची आणि त्यातलं एक फोडून आतली दारू तपासायची. "शेवटचं फोडू नकोस," तो सांगे. "शेवटचं तुला आठवत असतं. मधलं फोड." तो गेल्यावर प्रतापरावांनी ही रीत सोडून दिली होती. चांगलं काडतूस फोडायला जिवावर येई.

वरचं काडतूस त्यांनी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकलं आणि चहाला बसले. एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

"साखर किती घातलीस?"

"मी कुठे घातली? तुम्हीच घातलीत," वसुधाताई म्हणाल्या. "दोनदा."

दुसऱ्या शनिवारी पुन्हा एक्कावन्न झाली. या वेळी त्यांनी ते काडतूस खिडकीपाशी नेऊन नीट पाहिलं. तळघराच्या खिडक्या छताशी, जमिनीच्या पातळीला होत्या, आणि अर्ध्या बर्फात बुडाल्या होत्या. उजेड येई तो दुधासारखा. त्या उजेडात पितळ काळवंडलेलं दिसलं, कुठल्या तरी डब्यात वीस-तीस वर्षं पडून राहिल्यासारखं. त्यांनी बुडावरून अंगठा फिरवला तर अंगठा काळा झाला. तीट अजून ओली होती.

ओली असणारच, त्यांनी स्वतःला समजावलं. आत्ताच तर लावली. आणि मग त्यांना आठवलं की आज त्यांनी काळ्या रंगाची बाटली अजून उघडलीच नव्हती. ठोकळ्यातली पन्नास अजून बिनखुणेची होती.

३

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ते अंगण झाडून आत आले. अंगण म्हणजे गॅरेजपुढचा रस्ता आणि झाडणं म्हणजे तासभर फावडं मारणं. बूट काढताना त्यांना तळघराच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर चहाचा कप दिसला. चहावर साय धरली होती.

"अहो, घेतला नाहीत?" वसुधाताई बाहेर डोकावल्या. त्यांना टोपी-मफलरात पाहून त्या जरा थबकल्या. "तुम्ही बाहेर कधी गेलात?"

"मी बाहेरच होतो. तासभर."

"काहीतरीच. आत्ता खाली खट्-टक् चाललं होतं की तुमचं. मी वरून विचारलं, चहा ठेवू का? तर 'हं' म्हणालात."

प्रतापराव जिन्यापाशी उभे राहिले. खाली घर तापवणारा फर्नेस चालू झाला. तो चालू होताना एक दीर्घ श्वास घेतो आणि मग पत्र्याचे पाइप तापून टकटक वाजतात. हाच तो आवाज, दुसरा कुठला असणार? आणि 'हं' म्हणजे तरी काय, हवेचा एक फुसकारा. ते इंजिनियर होते, त्यांना घरातला प्रत्येक पाइप ठाऊक होता.

पण त्यांचे वडील शेवटी शेवटी दिवसातून दोनदा अंघोळ करत आणि दोन्ही वेळा पहिल्यांदाच केल्यासारखे प्रसन्न दिसत. ते त्यांना त्या जिन्यापाशी आठवलं. आपण खाली जाऊन काम करतो आणि विसरतो, असं तर नाही? पितळ आपणच कुठून तरी काढतो, तीट आपणच लावतो आणि मग आपणच चकित होतो? भुतापेक्षा हे जास्त भीतीदायक होतं. 

खाली जाऊन त्यांनी दिवा लावला. तिसऱ्या शनिवारसाठी ठोकळ्यात पुंगळ्या मांडून ठेवल्या होत्या, त्या रिकाम्याच होत्या. पण भरलेलं एक काडतूस ठोकळ्याबाहेर, बोटभर अंतरावर, आधीच येऊन उभं होतं.

४

उत्तरा आली ती घर भरूनच आली. लाल जॅकेट, केस कडक होतील इतका स्प्रे, आणि आल्या आल्या फ्रिजमध्ये डोकं. एकोणीस वर्षांची होती, तरी खुर्चीवर बसायची पद्धत पाच वर्षांच्या वेळचीच, डावा पाय दुमडून त्याच्यावर बसायचं. काही सोलत असली, विणत असली, लिहीत असली की हाक मारा, मान वर न करता "हं" म्हणणार.

"बाबा, उद्या रेंजला जायचं ना? आय हॅव बीन ड्रीमिंग अबाउट इट."

"बघू."

"व्हॉट डू यू मीन, बघू? तू चार बॉक्सेस केलेस ना माझ्यासाठी?"

चार झाल्या होत्या. बरणीतही चार होती. प्रतापरावांनी त्या संध्याकाळी जेवणाआधी ती चारही फोडून पाहायची ठरवली. फोडायचं म्हणजे, प्लॅस्टिकच्या पोकळ हातोडीत काडतूस अडकवून जमिनीवर ठोकायचं, की गोळी सुटून बाहेर येते आणि दारू सांडते. हॅरल्डनंतर ती हातोडी पहिल्यांदाच खाली आली.

पहिल्यातली दारू त्यांनी काट्यावर ठेवली. अचूक. दुसऱ्यातली अचूक, तिसऱ्यातली अचूक, चौथ्यातलीही. इतकी अचूक की त्यांच्या स्वतःच्या हातून हल्ली होत नसे. गोळीभोवती पुंगळीची कड सुबक वळवलेली होती, सावकाश, काळजीने. हे काम त्यांचं होतं आणि नव्हतंही. त्यांच्याचकडे शिकलेल्या कुणाचं तरी असावं, असं एक क्षण त्यांच्या मनात आलं. पण त्यांनी तर आजवर कुणालाच शिकवलं नव्हतं.

काही असो, वरची चारही उत्तम निघाली, म्हणजे सगळंच उत्तम असणार. त्यांना हायसं वाटलं. जेवताना त्यांनी उत्तराला सांगितलं, "उद्या सकाळी अकराला निघू."

वसुधाताई म्हणाल्या, "उद्यापर्यंत हा स्वेटरही होईल बहुतेक. एक बाही राहिलीय."

५

सकाळी दहाच्या सुमाराला ते पेट्या आणायला निघाले. बाहेर ऊन पडलं होतं, आणि बर्फावरच्या उन्हाने सगळं घर पांढरं झालं होतं, भिंतीसुद्धा पातळ वाटत होत्या. जिन्याच्या मधल्या पायरीवर त्यांच्या बुटाची नाडी सुटली. ती बांधायला ते बसले आणि तसेच बसून राहिले. त्यांना डुलकी लागली की नाही, हे ते पुढे कधीच खात्रीने सांगू शकले नाहीत.

खट्. टक्.

दचकून वर पाहावं असा तो आवाज नव्हताच. घरात कुणीतरी आपलं रोजचं काम करतंय, असा होता. त्यांनी मान वाकवून कठड्याखालून पाहिलं.

टेबलापाशी त्यांच्या खुर्चीवर एक बाई पाठमोरी बसली होती. केस आखूड, बरेचसे पांढरे. अंगात मोरपंखी स्वेटर, धुऊन धुऊन विटलेला, कोपराला ठिगळ. डावा पाय दुमडून ती त्याच्यावर बसली होती.

तिने दांडा ओढला तो तळहाताच्या मुळाने, बोटांनी धरून नाही. प्रतापरावांना आधी कळेना असं का ते. मग तिने तो उजवा हात उजेडात आणला. अंगठा होता आणि करंगळी होती. मधल्या तिन्ही बोटांच्या जागी काही नव्हतं, जुनी, गुळगुळीत, गुलाबी कातडी तेवढी होती. डाव्या हाताने तिने काडी रंगात बुडवली आणि काडतुसाच्या बुडाला तीट लावली, कडेला, हलक्या हाताने. मग ते काडतूस ठोकळ्याच्या बाहेर, बोटभर अंतरावर उभं केलं. भरलेला ठोकळा तिने हलकेच त्यांच्या दिशेला सरकवला.

"कोण?" प्रतापरावांच्या तोंडून निघालं.

"हं," ती म्हणाली. मान वर न करता.

फर्नेसने श्वास घेतला, पाइप वाजले. खुर्ची रिकामी होती. टेबलावर ठोकळाही नव्हता, तो शेल्फवर होता तिथेच होता. फक्त एक काडतूस टेबलाच्या कडेला उभं होतं, आणि त्याची तीट ओघळत होती.

६

चुकून जास्तीचं झालेलं नाही हे, त्यांच्या मनात लख्ख आलं. बदली दिलंय. पेटीतलं एक काढून टाक आणि हे ठेव, म्हणजे तुझी पन्नास भरतील. आणि आपण मूर्खासारखं त्याला शकुन समजलो, वरचं तेवढं फोडलं आणि समाधान मानलं. हॅरल्डने सांगितलं होतं, मधलं फोड.

त्यांनी चारही पेट्या टेबलावर उपड्या केल्या आणि हातोडी घेतली. तळघरात नुसता ठोकण्याचा आवाज घुमू लागला.

"बाबा?" जिन्यावरून उत्तरा ओरडली. "इट्स पास्ट इलेव्हन!"

"आज नको. रद्द."

"आर यू सिरियस? का पण?"

हातातल्या पुंगळीतून नुकताच एक मोठा ढीग सांडला होता. त्यांनी तो काट्यावर ठेवला. बरोबर दुप्पट.

साखर दोनदा. आपणच, आपल्या हातांनी, लेकीसाठी. त्यांचे डोळे भरून आले आणि काट्याचे आकडे दिसेनासे झाले. ते पुसून ते ठोकत राहिले. दुसरी दुप्पट सापडली. मग बऱ्याच वेळाने तिसरी. मग पेट्या संपल्या.

वरची काडतुसं पेटीमागे एक, म्हणजे चार. आजचं पाचवं त्यांनी धरलं नाही, ते त्यांना निक्षून सांगायला आलेलं होतं. मग दुप्पट भरलेलं चौथं कुठे होतं? त्यांनी सुट्या झालेल्या गोळ्या मोजल्या, घाईघाईने, मग पुन्हा सावकाश. एकशे चौऱ्याण्णव. सहा कमी.

वर गॅरेजचं दार गडगडत उघडलं.

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस जिना किती वेगाने चढू शकतो, हे प्रतापरावांना त्या दिवशी कळलं. ते एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा अवतारात बर्फात धावले. गाडी मागे सरकत रस्त्याला लागली होती. त्यांनी बॉनेटवर दोन्ही हात आपटले.

उत्तराने काच खाली केली. "व्हॉट इज रॉंग विथ यू? तू येत नाहीस तर मी एकटी जाते. आजीला घेतलंय. सिक्स राउंड्स सकाळीच काढून ठेवले होते, तेवढे तरी उडवते."

"दे," प्रतापराव म्हणाले. "बाळा, दे ती."

त्यांचा चेहरा पाहून तिचा राग गेला. तिने जॅकेटच्या खिशातून सहा काडतुसं काढून त्यांच्या ओंजळीत ठेवली. एकेक करून, स्वतःच्या बोटांनी. प्रतापरावांनी काडतुसं मोजली नाहीत.

खाली जाऊन त्यांनी ती फोडली. सहांतलं पाचवं दुप्पट होतं.

७

दुपारी घर शांत झालं. प्रतापराव तळघरातच बसून राहिले. दारूचे डबे त्यांनी बाहेर नेऊन रिकामे केले होते, प्रेसचे बोल्ट सैल केले होते. सोमवारी सगळं नेमबाजीच्या क्लबला देऊन टाकायचं ठरवलं होतं. लेक वाचली होती. मनातून त्यांनी देवापुढे डोकं टेकलं.

आणि तरी त्यांना भरून येत होतं ते दुसऱ्याच कुणासाठी. तो हात घेऊन ती चार आठवडे खाली येऊन बसत होती. जिन्यावर तिच्यासाठी ठेवलेला चहासुद्धा त्यांनी ओतून टाकला होता, आणि तिचं तोंडही पाहिलं नव्हतं. आता ती येणार नव्हती, कारण आता उत्तराची ती होणारच नव्हती. हे चांगलं झालं होतं, आणि त्यांना रडू येत होतं.

"उत्तरा," ते रिकाम्या खुर्चीला म्हणाले.

"हं?" जिन्यावरून आवाज आला.

ती खाली उतरली. संत्रं सोलत होती, फोड तोंडात होती. "आई म्हणाली, यू आर अपसेट बिकॉज तू चुकलास. सो व्हॉट? हे काही देऊनबिऊन टाकायचं नाही हां. तू नुसता बसून सांग, मी भरत जाईन. मला शिकव."

ती सरळ टेबलापाशी गेली आणि त्यांच्या खुर्चीवर बसली. डावा पाय दुमडून.

"खाली किती थंडी आहे रे," ती म्हणाली आणि काखेत धरलेलं काहीतरी उलगडलं. मोरपंखी होतं. "आईने आत्ता संपवला. तुझ्यासाठी आहे, पण मी घेते. चालेल ना?"

प्रतापरावांना नाही म्हणायचं होतं. तेवढ्यात उत्तराने स्वेटर डोक्यातून घातला आणि उजवा हात बाहीत सारला. बाही त्यांच्या मापाची होती, तिला फार लांब. हात आत कुठेतरी अडकला होता आणि ती हसत तो पुढे ढकलत होती.

प्रतापराव बाहीच्या तोंडाकडे बघत बसले, बोटं बाहेर यायची वाट पाहत, मोजायला.